मार्विन हॅगलर: एका फेरीचा हिशेब

विचारलं आहे ते असं: मार्विन हॅगलरसारख्या मिडलवेट (१६० पौंडांच्या वजनगटातल्या) बॉक्सरला जगज्जेतेपदाच्या पहिल्या संधीसाठी साडेसहा वर्षं का थांबावं लागलं, त्याचं खरं बळ कशात होतं, आणि १९८७ मध्ये शुगर रे लेनर्डकडून तो खरोखर हरला का? तिन्ही प्रश्नांचे धागे एकमेकांत गुंतलेले आहेत, त्यामुळे उत्तरही एकत्रच द्यावं लागेल.

आधी आकडे. ६७ लढती, ६२ विजय, ३ पराभव, २ बरोबरी. ६२ पैकी ५२ विजय मुदतीआधी, म्हणजे नॉकआउटने किंवा पंचांनी लढत थांबवल्यामुळे. सप्टेंबर १९८० ते एप्रिल १९८७ इतका काळ जगज्जेतेपद, ते १२ वेळा राखलं. आता उरलेल्या पाच लढती पाहा. तिन्ही पराभव आणि दोन्ही बरोबरी गुणांवरच्या आहेत. हॅगलरला आडवा करून कोणीही जिंकलं नाही. त्याचं जे काही गेलं ते गुणपंचांच्या, म्हणजे गुण मोजणाऱ्या माणसांच्या, कागदावर गेलं. त्याची कारकीर्द समजून घ्यायची तर हे धरूनच पुढे जायला हवं.

जन्म २३ मे १९५४, न्यूअर्क, न्यू जर्सी. १९६७ च्या दंगलीत त्या शहराची वाताहत झाली आणि पुढे हे कुटुंब मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रॉक्टनला आलं. हेवीवेट जगज्जेता रॉकी मार्सियानोचं गाव ते हेच. तिथे गुडी आणि पॅट या पेट्रोनेली बंधूंची जिम होती. दोघं भाऊ बांधकामाचा धंदाही करायचे आणि हॅगलरला त्यांनी तिथे कामालाही लावलं. गुडी प्रशिक्षक, पॅट व्यवस्थापक. ही जोडी पहिल्या लढतीपासून शेवटच्या लढतीपर्यंत त्याच्या कोपऱ्यात (म्हणजे फेऱ्यांच्या मधे बॉक्सरला मदत करणाऱ्या चमूत) राहिली, आणि या धंद्यात हे फार दुर्मीळ आहे. पैसा दिसायला लागला की कोपरा बदलतो, नवे लोक येतात, ते आधीच्या माणसाने घडवलेलं मोडून आपलं काहीतरी बसवायला बघतात. हॅगलरच्या बाबतीत तसं झालं नाही, म्हणून त्याच्या तंत्रात चौदा वर्षं एक सलगपणा दिसतो.

१९७३ मध्ये त्याने राष्ट्रीय एएयू (अमेरिकेतली हौशी खेळाडूंची संघटना) हौशी विजेतेपद जिंकलं आणि त्याच मे महिन्यात तो व्यावसायिक झाला. पहिल्या लढतीचं मानधन ५० डॉलर होतं. ऑलिंपिक पदक नसलेल्या खेळाडूची अडचण इथूनच सुरू होते. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये अमेरिकेला बॉक्सिंगमधलं एकमेव सुवर्ण शुगर रे सील्सने मिळवून दिलं होतं. पदकवाल्याला टीव्ही मिळतो, टीव्हीमुळे प्रमोटर (लढती भरवणारा) मिळतो आणि प्रमोटरमुळे क्रमवारी वर सरकते. हॅगलरने ऑगस्ट १९७४ मध्ये सील्सला बोस्टनमध्ये दहा फेऱ्यांत गुणांवर हरवलं. नोव्हेंबरमध्ये सील्सच्या भागात, सिअ‍ॅटलमध्ये परत लढला तर बरोबरी. १९७९ मध्ये तिसऱ्यांदा समोर आला तेव्हा पहिल्याच फेरीत संपवला. पाहुण्याने यजमानाच्या गावात गुणांवर अवलंबून राहू नये, हे त्याला विसाव्या वर्षीच दिसलं होतं.

१९७६ मध्ये तो फिलाडेल्फियाला गेला. त्या काळात मिडलवेटची सर्वांत कठीण शाळा तिथे होती. जानेवारीत बॉबी वॉट्सकडून गुणांवर हरला, आणि तो निकाल तेव्हाही अनेकांना पटला नव्हता. मार्चमध्ये विली मन्रोकडून हरला, तो मात्र स्वच्छ पराभव होता. मन्रो लांब अंतरावरून त्याला सतत अर्ध्या पावलाने चुकवत राहिला. चाहते हे दोन्ही पराभव 'अन्याय' म्हणून एकत्र मोजतात, ते चुकीचं आहे. मन्रोने जे केलं तेच अकरा वर्षांनी लेनर्डने अधिक हुशारीने केलं. हॅगलर मन्रोशी १९७७ मध्ये दोनदा लढला. आधी बाराव्या फेरीत आणि मग दुसऱ्या फेरीत त्याला थांबवलं. वॉट्सला १९८० मध्ये दुसऱ्या फेरीत. मधल्या काळात यूजीन हार्ट आणि बेनी ब्रिस्को यांनाही त्याने हरवलं.

मग संधी का मिळेना? इथे क्रमवारीपेक्षा व्यवहार समजून घ्यायला हवा. विजेत्याचा प्रमोटर आव्हानवीर निवडताना तीन गोष्टी बघतो: हा तिकिटं किती विकेल, हा जिंकला तर पुढच्या लढतींचे हक्क माझ्याकडे राहतील का, आणि याच्याकडून हरण्याचा धोका किती. हॅगलर टक्कल केलेला, कमी बोलणारा, डावखुऱ्या पवित्र्यात लढणारा आणि छोट्या गावातल्या दोन भावांशी इमान राखणारा होता. म्हणजे धोका पुरेपूर आणि नफा अर्धवट. अशा माणसाला कोणी आपणहून बोलावत नाही. शेवटी मॅसॅच्युसेट्समधले टिप ओ'नील आणि टेड केनेडी यांच्यासारख्या वजनदार राजकारण्यांनी दबाव आणला, प्रमोटर बॉब अ‍ॅरमशी जुळलं, आणि ३० नोव्हेंबर १९७९ ला लास व्हेगासच्या सीझर्स पॅलेसमध्ये विजेता व्हिटो अँटुओफर्मो समोर आला. हॅगलरची ती पन्नासावी लढत होती.

पंधरा फेऱ्या. पहिल्या निम्म्या भागात हॅगलरचं वर्चस्व होतं. उजव्या हाताचा जॅब (पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा), मागून डावा सरळ ठोसा, अँटुओफर्मोच्या भुवया फाटलेल्या. मग हॅगलरने गती कमी केली. अँटुओफर्मो डोकं खाली घालून अंगाला अंग भिडवून लढणारा, त्याला हवं ते अंतर मिळालं आणि शेवटच्या फेऱ्या त्याने ओढून घेतल्या. निकाल: एका गुणपंचाने १४५-१४१ हॅगलर, दुसऱ्याने १४४-१४२ अँटुओफर्मो, तिसऱ्याने १४३-१४३. बरोबरी, आणि बरोबरीत पट्टा, म्हणजे जगज्जेतेपद, आधीच्या विजेत्याकडेच राहतो. ही रचना लक्षात ठेवा (एक इकडे, एक तिकडे, एक समान), कारण ती शेवटी परत येणार आहे.

यातली चूक तांत्रिक नव्हती, हिशेबाची होती. प्रत्येक फेरी स्वतंत्र मोजली जाते: जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला बहुधा ९. पाचव्या फेरीत समोरच्याला रक्तबंबाळ केलं तरी, तो पडला नसेल तर, फरक साधारण एकाच गुणाचा. त्यातली 'शिल्लक' तेराव्या फेरीत वापरता येत नाही. आघाडीवर आहोत म्हणून दोन फेऱ्या सैल सोडल्या तर त्या तितक्याच किमतीच्या असतात. नव्या बॉक्सरला हे शंभरदा सांगूनही कळत नाही, कारण रिंगमध्ये असताना आपण जिंकत असल्याची भावना आधीच्या फेऱ्यांतून येते, आणि कागद मात्र दर तीन मिनिटांनी कोरा होतो.

त्यानंतरच्या हॅगलरने गुणपंचांना शक्यतो काम ठेवलं नाही. २७ सप्टेंबर १९८० ला लंडनच्या वेम्ब्ली अरीनात अ‍ॅलन मिंटरला तिसऱ्या फेरीत जखमांमुळे थांबवलं. प्रेक्षकांनी बाटल्या आणि बिअरचे कॅन फेकले, पेट्रोनेली बंधूंनी त्याला अंगाखाली घेतलं आणि विजयाचा सोहळा रिंगमध्ये झालाच नाही. पुढच्या १२ यशस्वी बचावांपैकी ११ मुदतीआधी संपले. अपवाद एकच, रॉबर्टो दुरान.

आता त्याचं तंत्र. त्याच्याकडून शिकण्यासारखं सगळ्यात जास्त इथेच आहे.

हॅगलर मूळचा उजव्या हाताचा, पण उभा राहायचा साउथपॉ, म्हणजे उजवा पाय आणि उजवा हात पुढे. बहुतेक साउथपॉंचा बळकट हात मागे असतो, याचा पुढे होता. त्यामुळे त्याचा जॅब नुसता अंतर मोजणारा नव्हता, डोकं मागे ढकलणारा होता. तोच हात आखूड करून हुक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) मारला की तो समोरच्याच्या डाव्या हाताच्या बाहेरून, न दिसणाऱ्या कोनातून यायचा. उंची पाच फूट साडेनऊ इंच, पण हातांचा पल्ला ७५ इंच. उंचीच्या मानाने लांब हात, त्यामुळे बुटका दिसूनही लांबून लागायचा.

साउथपॉ आणि ऑर्थोडॉक्स (डावा पाय आणि डावा हात पुढे ठेवणारा) समोरासमोर आले की दोघांचे पुढचे पाय एकमेकांच्या वाटेत येतात. साउथपॉने आपला उजवा पाय समोरच्याच्या डाव्या पायाच्या बाहेर टाकायचा. तसं केलं की आपला डावा हात थेट त्याच्या हनुवटीच्या रेषेत येतो आणि त्याच्या उजव्या हाताला वळून यावं लागतं. पाय आत पडला तर गणित उलटतं: त्याचा उजवा सरळ आपल्या तोंडावर. साउथपॉविरुद्ध 'उजवा हात सोड' हा सल्ला सगळे देतात, पण पाय कुठे ठेवून सोडायचा हे सांगत नाहीत, म्हणून तो उपयोगी पडत नाही.

हॅगलरची खासियत म्हणजे पवित्रा बदलणं. तो उभ्या उभ्या पाय अदलाबदल करत नसे. बदल ठोशाच्या आड लपवायचा. क्रम असा: डावा सरळ मारायचा, त्याच्या मागोमाग डावा पाय पूर्ण पुढे येऊ द्यायचा. ठोसा लागो वा चुको, आता तुम्ही ऑर्थोडॉक्स पवित्र्यात, एक पाऊल अधिक जवळ, आणि बळकट उजवा हात मागे ताणलेला. पुढचा ठोसा तोच. मागे सरकणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला वाटतं की एक ठोसा संपला, आता श्वास घेऊ, आणि दुसरा अनपेक्षित बाजूने येतो. यात बिघडतं ते मधल्या क्षणी. दोन्ही पाय एका आडव्या रेषेत आलेले असताना साधा धक्काही पाडतो. म्हणून पाऊल टाकताना हनुवटी खांद्यात आणि वजन दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये हवं, पुढे झुकलेलं नको. सराव सावलीशी लढताना संथ गतीने, तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या फक्त याच हालचालीच्या. आधी जोडीदारावर करून बघायचा मोह टाळावा.

तयारीचा भाग प्रसिद्ध आहे. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरच्या केप कॉडच्या टोकाचं प्रॉव्हिन्सटाउन, हंगाम संपलेलं ओसाड पर्यटनगाव, तिथे तो स्वतःला कोंडून घ्यायचा आणि त्या मुक्कामाला तुरुंगच म्हणायचा. वाळूच्या टेकड्यांवर जड लष्करी बूट घालून धावायचा. याची नक्कल करणाऱ्यांसाठी एक सूचना: बूट घालून धावणं हा त्याच्या यशाचा भाग होता असं म्हणायला फारसा आधार नाही, नडगी आणि गुडघे दुखवून घेण्याचा तो खात्रीचा उपाय मात्र आहे. खरी गोष्ट होती ती वजनाची. तो कारकीर्दभर १६० पौंडांच्या, म्हणजे ७२.५७ किलोंच्या वर्गातच राहिला आणि दोन लढतींच्या मधे सुटला नाही. दर वेळी शेवटच्या आठवड्यात पाणी तोडून चार-पाच किलो उतरवणारा बॉक्सर दहाव्या फेरीनंतर पायांत कमी पडतो. शरीरातलं पाणी परत भरलं तरी स्नायूंतली साखर आणि झोप तेवढ्या वेगाने परत येत नाहीत. हॅगलरचे पाय पंधराव्या फेरीतही शाबूत असायचे.

ते कधी उपयोगी पडले? १० नोव्हेंबर १९८३, दुरानविरुद्ध. दुरान मुळात लाइटवेट, म्हणजे बऱ्याच हलक्या वजनगटातला, पण अंतराचा उस्ताद. हॅगलर त्या रात्री विनाकारण सावध राहिला. तेरा फेऱ्यांनंतर दोन गुणपंचांकडे दुरान एका गुणाने पुढे होता आणि तिसऱ्याकडे समान. हॅगलरने चौदावी आणि पंधरावी जिंकली. अंतिम आकडे १४४-१४२, १४४-१४३, १४६-१४५. त्या रात्री शेवटच्या सहा मिनिटांनी पट्टा वाचवला.

१५ एप्रिल १९८५ ची टॉमी हर्न्सविरुद्धची लढत सगळ्यांनी पाहिलेली असते, म्हणून तिच्याबद्दल थोडंच. हर्न्स सहा फूट एक इंच, पल्ला ७८ इंच. अशा माणसाविरुद्ध मधलं अंतर सर्वांत धोक्याचं: एक तर पूर्ण बाहेर राहा, नाही तर पूर्ण आत जा. हॅगलर पहिल्या घंटेपासून आत गेला. पहिल्या फेरीत हर्न्सचा उजवा हात हॅगलरच्या डोक्यावर लागून मोडला आणि हॅगलरचं कपाळ फुटलं. कपाळाची जखम पापणीच्या जखमेइतकी वाईट नसते, पण रक्त वरून थेट डोळ्यांत उतरतं. कोपऱ्यात मिळतात ६० सेकंद. स्टूल, पाणी, सूचना यांतून जखमेला उरतात जेमतेम चाळीस. कोरड्या कापसाने पुसायचं, एड्रिनलिनमध्ये बुडवलेला बोळा जखमेच्या आत ठेवून न हलवता दाबायचा, सर्वांत शेवटी व्हॅसलिनचा थर. सतत बोळा उचलून 'थांबलं का' बघणारा मदतनीस रक्त थांबवत नाही, वाढवतो. तिसऱ्या फेरीत पंच रिचर्ड स्टील यांनी डॉक्टरांना जखम दाखवली. ठोशाने झालेल्या जखमेमुळे लढत थांबली तर जखमी बॉक्सर हरतो, त्यामुळे पुन्हा एकदा निकाल दुसऱ्याच्या हातात जाण्याची वेळ आली होती. हॅगलरने त्याच फेरीत उजव्या हाताने हर्न्सला संपवलं. सगळं मिळून साधारण आठ मिनिटं.

मार्च १९८६ मध्ये जॉन मुगाबीविरुद्धची अकरा फेऱ्यांची लढत तो जिंकला, पण फार मार खाऊन. नंतर जवळजवळ तेरा महिने रिंगमध्ये उतरला नाही. मुगाबीविरुद्धची ती लढत लेनर्ड रिंगजवळ बसून पाहत होता.

लेनर्डविरुद्धच्या लढतीचा निम्मा निकाल करारातच लागला होता. लेनर्डच्या बाजूने तीन अटी घातल्या: लढत १५ ऐवजी १२ फेऱ्यांची, रिंग २० फूट बाय २० फूट, ग्लोव्हज १० औंसांचे. बदल्यात हॅगलरला हमीची रक्कम जास्त, सुमारे १२ दशलक्ष डॉलर. लेनर्डला सुमारे ११. प्रत्येक अटीचा अर्थ बघा. तीन फेऱ्या गेल्या म्हणजे नऊ मिनिटं गेली, आणि त्यात दुरानविरुद्ध ज्यांनी वाचवलं त्या दोन फेऱ्याही आल्या. अठरा फुटी रिंग ३२४ चौरस फुटांची, वीस फुटी ४०० ची. पळणाऱ्याला सुमारे तेवीस टक्के जास्त जागा, आणि पाठलाग करणाऱ्याला जास्त चालणं. जाड ग्लोव्हजमध्ये ठोसा बोथट होतो आणि त्यांच्या आड लपायला थोडं जास्त मिळतं. वेगळं पाहिलं तर तिन्ही किरकोळ. तिन्ही एकाच माणसाच्या सोयीची आहेत, हे मात्र वाटाघाटीच्या टेबलावर कोणीतरी मोठ्याने म्हणायला हवं होतं.

आणि मग स्वतःची चूक. ६ एप्रिल १९८७ ला हॅगलर पहिल्या दोन फेऱ्या ऑर्थोडॉक्स पवित्र्यात लढला. बळकट उजवा हात मागे गेला, पुढे राहिला कमी धारदार डावा जॅब, आणि जवळजवळ तीन वर्षं रिंगबाहेर असलेल्या लेनर्डला अंतर सापडायला सहा मिनिटं फुकट मिळाली. तिन्ही गुणपंचांनी त्या दोन फेऱ्या लेनर्डला दिल्या. लेनर्डची युक्ती साधी होती: फेरीभर फिरायचं, बिलगायचं, आणि शेवटच्या तीस सेकंदांत झटपट ठोशांची सर सोडायची. वेळ त्याच्या कोपऱ्यातून ओरडून सांगितली जात होती. त्यातले बरेच ठोसे ग्लोव्हजवर किंवा खांद्यावर लागत, पण घंटेच्या आधीचं गुणपंचाच्या डोळ्यात राहतं.

निकाल: ११५-११३ लेनर्ड, ११५-११३ हॅगलर, ११८-११० लेनर्ड. शेवटचा आकडा म्हणजे बारापैकी दहा फेऱ्या लेनर्डला. त्याचं समर्थन करणारे आजही फार थोडे आहेत. पण निकाल त्या कागदाने ठरलेला नाही, पहिल्या कागदाने ठरला आहे. ११५-११३ म्हणजे सात फेऱ्या विरुद्ध पाच. त्यातली एकच फेरी हॅगलरकडे गेली असती तर ११४-११४. मग एक इकडे, एक तिकडे, एक समान, म्हणजे बरोबरी, आणि बरोबरीत पट्टा विजेत्याकडे. १९७९ मध्ये ज्या रचनेने त्याच्याकडून पट्टा अडवला, तीच या वेळी त्याला वाचवणार होती. एका गुणपंचाच्या कागदावरची एक फेरी कमी पडली, आणि दोन फेऱ्या त्याने सुरुवातीलाच देऊन टाकल्या होत्या.

तर, तो खरोखर हरला का? लढत पुन्हा पाहताना समालोचनाचा आवाज बंद करा, कारण त्या रात्री समालोचक लेनर्डच्या पुनरागमनाच्या भरात होते. प्रत्येक फेरीनंतर लगेच आकडा लिहा, फेरी परत फिरवून पाहू नका. गुणपंचाला ती सोय नसते. पाचवी आणि नववी स्पष्ट वाटतील: पाचव्यात अपरकटने (खालून वर मारलेल्या ठोशाने) लेनर्ड हलतो, नवव्यात कोपऱ्यात अडकूनही तो भांडत बाहेर येतो. खरा वाद मधल्या तीन-चार फेऱ्यांचा आहे. पुढे सरकत राहणाऱ्याला झुकतं माप देणारा ११५-११३ हॅगलर लिहील, हातांची चपळाई मोजणारा ११५-११३ लेनर्ड. दोन्ही प्रामाणिक कागद आहेत. माझ्या मते फेऱ्यांचा हिशेब बरोबरीच्या सर्वांत जवळ बसतो.

हॅगलरने परत लढतीची मागणी केली, वर्षभर वाट पाहिली आणि जून १९८८ मध्ये निवृत्ती जाहीर केली. तेव्हा तो ३४ वर्षांचा होता. पुढे मोठ्या रकमांची बोलणी निघाली तरी तो परतला नाही. मिलानला गेला, इटालियन शिकला, चित्रपटांत कामं केली. १९९३ मध्ये आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग हॉल ऑफ फेममध्ये त्याची निवड झाली. १३ मार्च २०२१ रोजी न्यू हॅम्पशरमधल्या घरी, वयाच्या ६६ व्या वर्षी तो गेला. १९८२ मध्ये त्याने कायदेशीररीत्या आपलं नाव 'मार्व्हलस मार्विन हॅगलर' असं करून घेतलं होतं, म्हणून जुन्या नोंदी शोधताना दोन्ही नावांनी शोधाव्या लागतात.